ही राणी कुठल्या घरची?

पहिला दणदणीत पाऊस पडून गेला की त्या संध्याकाळी दिव्याभोवती काय झुंबड उडते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आई धावत जाऊन खिडक्या लावते, बाबा ओरडतात, ‘अरे, आधी ट्यूब बंद करा!’, आजी दिव्याखाली पाण्याची परात ठेवते आणि जेवणं अर्ध्या अंधारात कशीबशी उरकतात. सकाळी पाहावं तर उंबऱ्यापाशी, खिडकीच्या चौकटीत, पायऱ्यांवर पंखांचा नुसता खच! केर काढायचं काम ज्याच्या वाट्याला येतं, त्याचा वैताग विचारू नका.

तुम्ही मात्र केरसुणी हातात घ्यायच्या आधी जरा उकिडवे बसा. भिंतीच्या कडेनं, कुंडीच्या आडोशानं एखादी जाडजूड, बिनपंखांची मुंगी लगबगीनं चाललेली दिसतेय का? मध्येच थांबते, फटीत डोकं घालून बघते, पसंत पडलं नाही की पुन्हा निघते? दिसली तर चप्पल उचलू नका. राणीसाहेब आल्यात तुमच्या दारात! एकट्याच. ना दासी, ना फौज, ना राजवाडा. रात्री त्यांचं लग्न लागलं आणि आता त्या घर शोधताहेत.

राणी सापडली की पुढचा प्रश्न ठरलेलाच: ही कुठल्या जातीची?

प्रश्न साधा वाटतो ना? मग हे आकडे ऐका. जगात मुंग्यांच्या चौदा हजारांहून जास्त जातींना शास्त्रीय नावं दिलेली आहेत. भारतातल्या मुंग्यांची एक मोठी यादी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ८२८ जाती-उपजाती आहेत आणि त्या १०० प्रजातींमध्ये वाटलेल्या आहेत. (जवळच्या नात्यातल्या जातींचा गट म्हणजे प्रजाती. मुंग्यांच्या शास्त्रीय नावात आधी प्रजातीचं नाव येतं, मग जातीचं. म्हणजे आडनाव आधी, नाव नंतर. आपल्या हजेरीपटावर असतं तसं.) तुमच्या पायरीवरची ही एक मुंगी त्या ८२८ मधली नेमकी कोणती, ते शोधायचंय.

घाबरू नका. शास्त्रज्ञही पुस्तकातली सगळी चित्रं एकेक करून चाळत बसत नाहीत. ते प्रश्न विचारतात. प्रत्येक प्रश्नाला उत्तरं दोनच. एक उत्तर खरं ठरलं की दुसऱ्या बाजूच्या शेकडो मुंग्या एका फटक्यात बाद! मग पुढचा प्रश्न. चला, आपणही तसंच करू.

पहिला प्रश्न ऐकून तुम्ही हसाल. ही मुंगी तरी आहे का?

हसू नका. पायरीवरचे ते पंख बहुतेक वेळा मुंग्यांचे नसतातच, वाळवीचे असतात. वाळवीसुद्धा पहिल्या पावसानंतरच पंख लावून बाहेर पडते आणि उतरल्यावर पंख टाकून देते. पण तिची कंबर बघा. कंबर नाहीच! छाती आणि पोट सरळ एकात एक. मुंगीची कंबर भलतीच बारीक. वाळवीच्या मिशा म्हणजे सरळ ओवलेल्या मण्यांच्या माळा, तर मुंगीच्या मिशा मध्येच कोपरात वाकलेल्या. पंख शिल्लक असतील तर आणखी सोपं. वाळवीचे चारही पंख एका मापाचे, मुंगीचे पुढचे दोन मोठे आणि मागचे दोन लहान. आणखी एक गंमत. वाळवीची जोडी जमिनीवर आगगाडी करून चालते, मादी पुढे, नर तिच्या पाठोपाठ. पुढे तिच्या घरात राणीच्या जोडीनं राजाही राहतो. मुंग्यांच्या राज्यात राजा नसतो. लग्न झालं की नर लवकरच मरून जातात. राणी नराकडून मिळालेले शुक्राणू पोटातल्या एका पिशवीत साठवून ठेवते आणि त्या एका साठ्यावर जन्मभर अंडी घालते. जन्मभर म्हणजे किती? युरोपातल्या काळ्या बागमुंगीची, लेसियस नायगरची, एक राणी माणसानं पाळली होती. ती २८ वर्षांहून जास्त जगली. तुमच्या ताईचं लग्न होईपर्यंत!

आणि हो, पायही मोजा. आंब्यावरच्या तांबड्या हुमल्यांची, म्हणजे ओंबिलांची, हुबेहूब नक्कल करणारा एक कोळी आपल्याकडे आहे. पाय आठ निघाले तर तुम्ही भलत्याच पाहुण्याला राणीचा मान देताय.

सहा पाय, बारीक कंबर, वाकडी मिशी. ठीक, मुंगी आहे. आता दुसरा प्रश्न. राणीच आहे ना?

इथे भलेभले फसतात. मुंगळ्यांच्या रांगेत अधूनमधून एक भल्या मोठ्या डोक्याचा मुंगळा दिसतो. (काही गावांत त्याला डोंगळा म्हणतात.) ‘हीच राणी!’ असं कुणीतरी ओरडतंच. ती राणी नव्हे. ती मोठ्या अंगाची कामकरी मुंगी. डोकं एवढं मोठं, कारण जबडा हलवणारे स्नायू त्यात ठासून भरलेले असतात. राणी ओळखायची ती डोक्यावरून नाही, पाठीवरून. कामकऱ्यांची छाती आटोपशीर असते. राणीला एकदा का होईना उडायचं असतं, म्हणून तिच्या छातीत पंखांचे दणकट स्नायू भरलेले. त्यामुळे ती पाठीवर भरलेलं दप्तर घेतल्यासारखी दिसते. त्या फुगीर पाठीच्या दोन्ही बाजूंना भिंगातून नीट पाहिलंत तर पंख जिथून गळाले, तिथे लहानसे खडबडीत वण दिसतील. पंख कुणी तोडलेले नसतात. मुळाशी एक ठरलेली रेघ असते. राणी पायांनी पंख वाकवते, रेटते आणि ते त्या रेघेवरच तुटतात. आता कपाळाच्या वर बघा. दोन मोठ्या डोळ्यांखेरीज तीन चमकते ठिपके आहेत? ते तिचे तीन साधे डोळे. मोठ्या डोक्याच्या कामकरी मुंगळ्याला ते नसतात.

पंख अजून अंगावर असतील तर ही नवरी आहे की नर, हेही बघावं लागतं. नराचं डोकं इवलंसं, डोळे मोठे, जबडा दुबळा आणि अंगकाठी बारीक. अपवाद एक, आणि तो असा जबरदस्त की सांगितल्याशिवाय राहवत नाही. डोरायलस नावाच्या, जमिनीखाली लष्करासारखं फिरणाऱ्या मुंग्या असतात. त्यांचे नर रात्री दिव्यावर येऊन आदळतात. तपकिरी, लवदार, लांब गुबगुबीत पोटाचे. मुंगी वाटतच नाहीत! सजीवांना दुहेरी नावं देण्याची पद्धत रुळवणारे कार्ल लिनियस. त्यांनी १७६४ साली आफ्रिकेतल्या अशाच एका नराला नाव दिलं ते चक्क गांधीलमाशी समजून. आणि डोरायलसच्या राणीला पंख फुटतच नाहीत. ती कधी तुमच्या दिव्यावर येणार नाही.

तर आपली ही राणीच, हे ठरलं. आता तिला जरा वेळ पाहुणी म्हणून ठेवून घ्या. पारदर्शक डबी घ्या, झाकणाला सुईनं भोकं पाडा, आत ओल्या कापसाचा लहानसा बोळा ठेवा. बोटांनी उचलू नका. डबी तिच्या वाटेत आडवी धरा आणि मऊ कुंचल्यानं हलकेच आत ढकला. काही राण्यांना नांगी असते आणि ती कशासाठी असते, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं.

मग भूमितीच्या वहीतला आलेखाचा कागद डबीखाली सरकवा. त्याचा लहान चौकोन १ मिलिमीटरचा. राणी स्थिर उभी राहिली की वरून मोजा. पण काय मोजायचं? डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत मोजलंत तर फसाल. पोट फुगतं, आखडतं. आज अंड्यांनी भरलेली राणी महिन्याभराच्या उपासानंतर आखूड भरेल. म्हणून मुंग्यांचे अभ्यासक डोक्याची रुंदी आणि छातीची लांबी मोजतात. ती जन्मभर बदलत नाही. मोजून झालं की मोबाइलवर तीन फोटो काढा. एक समोरून चेहऱ्याचा, एक बाजूनं, एक वरून. कॅलिफोर्नियातल्या विज्ञान अकादमीनं जगभरच्या मुंग्यांच्या फोटोंचा एक प्रचंड संग्रह केलाय, त्याचं नाव अँटवेब. तिथेही प्रत्येक मुंगीचे हेच तीन फोटो असतात. सगळ्यांत महत्त्वाचा फोटो बाजूचा, कारण कंबर फक्त त्यातच नीट दिसते. आणि आता सगळा खेळ कंबरेचाच आहे.

छाती आणि पोट यांच्या मध्ये मुंगीला एक किंवा दोन गाठी असतात. एक की दोन? या एका प्रश्नावर मुंग्यांचं जग जवळजवळ दुभंगतं.

समजा, दोन गाठी दिसल्या. मग बहुधा ती मायरमिसिनी या सगळ्यांत मोठ्या उपकुळातली, म्हणजे प्रजातींच्या सगळ्यांत मोठ्या गटातली. (‘बहुधा’ म्हणतोय, कारण दोन गाठींचा एक दुसराही गट आहे. झाडांच्या खोडांवर काळं डोकं, नारिंगी छाती आणि काळं पोट असलेली लांबोडकी मुंगी भरभर फिरते ना, ती टेट्रापोनेरा. तिच्या वाटेला जाऊ नका. डंख जन्मभर लक्षात राहतो.) आता पोटाचा आकार पाहा. पत्त्यांमधल्या बदामाचा आकार, आणि कंबर पोटाच्या खालून न जोडता वरच्या अंगाला जोडलेली? तर ती क्रेमॅटोगॅस्टर. हिच्या कामकरी मुंग्या चिडल्या की पोट डोक्याच्या वर उचलून धरतात. सह्याद्रीच्या जंगलांत फांद्यांवर काळपट, कागदी लगद्याचे गोळे दिसतात, ती काही क्रेमॅटोगॅस्टर मुंग्यांची घरं. सुतारपक्ष्याची एक तांबूस जात त्या गोळ्यात भोक पाडून आपली अंडी घालते, आणि तेही मुंग्या आत राहत असताना!

पोट बदामाचं नाही? मग मिशीच्या टोकाकडे भिंग न्या. मिशी म्हणजे बारीक बारीक पेरांची साखळी. टोकाची पेरं फुगून तिचा सोटा बनतो. सोट्यात दोनच पेरं असतील तर सोलेनॉप्सिस मनात ठेवा, तीन असतील तर फायडोल किंवा मोनोमोरियम. हे मोजताना डोळ्यांत पाणी येतं, आधीच सांगून ठेवतो. पण सोलेनॉप्सिसची एक जात तुमच्या ओळखीची आहे. अंगणात चुकून पाय पडला की कडकडून डसणारी लाल मुंगी आठवते? ती बहुधा सोलेनॉप्सिस जेमिनाटा. तुम्हाला वाटत असेल, ती पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. छे! तिचं माहेर अमेरिका खंडातलं. सोळाव्या शतकात मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून फिलिपिन्समधल्या मनिलाला स्पॅनिश जहाजं जात. त्यांच्यातल्या मातीतून ती आशियात पोचली, असं तिच्या जनुकांच्या अभ्यासावरून दिसतं. राणीसुद्धा अशीच एखाद्या कुंडीत, एखाद्या मातीच्या ढेकळात बसून परमुलखात जाऊ शकते. हे ध्यानात ठेवा, शेवटी लागेल.

आता समजा, एकच गाठ दिसली. मग पोटाकडे बघा. पोटाच्या पहिल्या आणि दुसऱ्या भागामध्ये खाच पडलीय, दोरी आवळून बांधल्याची खूण राहावी तशी? तर ही पोनेरिनी उपकुळातली असणार आणि हिला नांगी असते. खाच नाही, पोट गुळगुळीत, आणि पोटाच्या अगदी टोकाला केसांची झालर असलेलं एक गोल भोक? तर ही फॉर्मिसिनी. डंख नाही. त्या भोकातून ती फॉर्मिक आम्ल उडवते. हुमल्यांनी चावलेल्या जागी झोंबतं ते यामुळेच.

पहिल्या पावसानंतर आपल्याकडे मोठी, काळी राणी सापडली तर फार वेळा ती याच उपकुळातली निघते. प्रजाती कॅम्पोनोटस, म्हणजे आपले मुंगळे. भारतातल्या मुंग्यांमध्ये सगळ्यांत जास्त जाती याच प्रजातीच्या. खात्री कशी करायची? चेहऱ्याचा फोटो काढा बाहेर. तोंडाच्या वर एक ढालीच्या आकाराची पट्टी असते. बहुतेक फॉर्मिसिनी मुंग्यांच्या मिशा त्या पट्टीला अगदी चिकटून उगवतात. मुंगळ्याच्या मिशा मात्र तिच्यापासून सुटून, बऱ्याच वर उगवतात. दिसलं? अभिनंदन! ८२८ मधून तुम्ही एका प्रजातीपर्यंत आलात.

आणि इथे गाडी अडते.

म्हणजे असं. तुमची राणी दीड सेंटिमीटरहून मोठी, काळी, फारशी न चकाकणारी, पाय आणि मिशा लालसर तपकिरीकडे झुकणाऱ्या असेल, तर कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस म्हणायला हरकत नाही. म्हणजे आपला नेहमीचा, साखरेच्या डब्याभोवती आणि शेवग्यावरच्या माव्याभोवती फिरणारा मुंगळा. तिच्याहून बरीच लहान आणि पोटावर करड्या-सोनेरी रेशमी लवेची झाक असेल तर कॅम्पोनोटस पॅरियसचा विचार करा. पोटावर नुसती झाक नाही, पोट चक्क सोनेरी दिसत असेल तर कॅम्पोनोटस सेरिसियस. या सेरिसियसच्या कामकरी मुंग्या जोडीजोडीनं चालतात. वाट माहीत असलेली पुढे, आणि शिकाऊ मुंगी मिशांनी तिला सतत स्पर्श करत मागे. पण या तीन झाल्या ठळक जाती. उरलेल्या कितीतरी मुंगळ्यांमधला फरक एखाद्या केसाच्या रांगेचा, गालावरच्या खड्ड्यांचा. आणि रंग तर सगळ्यांत लबाड! कोशातून नुकतीच बाहेर आलेली राणी फिकट असते, काही दिवसांनी गडद होते. नुसत्या रंगावरून जो छातीठोक नाव सांगतो, त्याच्यावर माझा तरी विश्वास नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. मुंग्या ओळखायची बहुतेक पुस्तकं कामकरी मुंग्यांवरून लिहिलेली आहेत, राण्यांवरून नाही. असं का? कारण उघड आहे. वारुळापाशी गेलात तर हजार कामकरी भेटतील. राणी भेटायची तर वारूळ खणावं लागेल, नाहीतर वर्षातल्या त्या चार-दोन संध्याकाळी तुमचं नशीब जोरावर असावं लागेल. ज्या खुणांवरून कामकरी चटकन ओळखू येतात, त्या पुष्कळदा राणीत सापडतच नाहीत. कामकरी मुंगळ्याची पाठ बाजूनं पाहिली तर सलग कमानीची दिसते, ही त्याची मोठी खूण. राणीच्या पाठीवर पंखांचा सगळा सरंजाम, कमान कुठली दिसायला? पॉलिरॅकिस मुंग्यांच्या कामकऱ्यांच्या पाठीवर झोकदार काटे असतात, राणीचे काटे पुष्कळदा आखूड. फायडोलच्या जाती ओळखतात त्यांच्या मोठ्या डोक्याच्या शिपायांवरून. आता एकट्या राणीकडे शिपाई कुठून आणायचा? सगळ्यांत गमतीची कॅरेबारा डायव्हर्सा. हिच्या एकाच वारुळातल्या सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या कामकरी मुंगीच्या वजनात पाचशे पटींचा फरक असतो. राणी, बारीक कामकरी आणि मोठी कामकरी शेजारी ठेवल्या तर ही एका आईची लेकरं, असं कुणी म्हणणार नाही.

आपल्या मुंग्यांना नावं मिळाली, ती पद्धतही पाहण्यासारखी आहे. मुंगळ्याचं कॉम्प्रेसस हे नाव १७८७ सालचं. ते ठेवलं लिनियसचे डॅनिश शिष्य योहान फाब्रिसियस यांनी, आणि मुंगळा त्यांच्याकडे गेला होता तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीहून. तिथे तेव्हा डेन्मार्कची वसाहत होती. मग पुढच्या शतकात आपल्या मुंबई इलाख्यात आर. सी. रॉटन नावाचे वनाधिकारी आले. जंगलखात्याची नोकरी करता करता यांना मुंग्यांचा नाद लागला. पुण्यातल्या, ठाण्यातल्या, कारवारकडच्या मुंग्या गोळा करायच्या आणि पाठवायच्या थेट स्वित्झर्लंडला, ऑगस्ट फोरेल यांच्याकडे. फोरेल होते झ्युरिकच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख! दिवसा रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात मुंग्या. पुढे स्वित्झर्लंडनं एक हजार फ्रँकच्या नोटेवर फोरेल यांचं चित्र छापलं आणि नोटेच्या मागे मुंग्या छापल्या. रॉटन यांनी ‘आवर अँट्स’, म्हणजे ‘आपल्या मुंग्या’ हा लेख १८९२ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिला. फोरेल यांनी एका चिमुकल्या मुंगीला रॉटन यांचं नाव दिलं, कार्डिओकॉन्डायला रॉटनी. आणि १९०३ साली चार्ल्स बिंगहॅम या लष्करी अधिकाऱ्यानं भारतातल्या मुंग्यांचा जाडजूड ग्रंथ लिहिला. आपण आत्ता खेळलो तो दोन-दोन उत्तरांचा खेळ त्यात पानोपानी आहे. अभ्यासक अजूनही तो उघडतात. पण त्यातही बऱ्याच जातींची फक्त कामकरी मुंगी वर्णिलेली आहे. राणी तेव्हा कुणाला मिळालीच नव्हती.

मग आपल्या डबीतल्या राणीचं काय? तिची ओळख पटवायचा सगळ्यांत भरवशाचा उपाय तिच्याच पोटात आहे. तिच्या मुली! मुंगळ्याची राणी ओल्या मातीत लहानशी खोली खणते, तोंड बंद करून घेते आणि आत बसून राहते. खायला काही आणत नाही. उडायचे ते दणकट स्नायू आठवतात? आता त्यांचा उपयोग संपला. ते हळूहळू विरघळतात आणि त्यांच्यावर तिचा आणि पिल्लांचा गुजारा होतो. पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर आल्या की निम्मं कोडं सुटतं. निम्मंच, कारण या पहिल्या खेपेच्या मुली अर्धपोटी वाढलेल्या, लहानखुऱ्या असतात. मोठ्या डोक्याच्या मुंग्या पुढे, घर भरल्यावर येतात. प्रयोगशाळेत एखाद्या पायाच्या तुकड्यातून डीएनए काढूनही ओळख पटवता येते. पण जुळवून बघायला त्या जातीचा डीएनए आधी कुणीतरी नोंदवलेला असावा लागतो, म्हणजे फिरून पुन्हा कुणीतरी ती मुंगी नीट ओळखलेली असावी लागते.

हे सगळं वाचून तुम्ही उद्या वारुळावारुळापाशी राणीची वाट बघत बसाल, म्हणून एक सावधगिरीची सूचना. काही मुंग्यांच्या घरी राणी नसतेच! डायकॅमा नावाची मोठी काळी मुंगी आपल्याकडे जमिनीत घर करते. दाराभोवती ती पिसं आणून ठेवते आणि पहाटे त्यांच्यावर जमलेलं दव पिते. तिच्यात राणी हा प्रकारच उरलेला नाही. कामकऱ्यांपैकीच एक जण अंडी घालते. आणि पश्चिम घाटातली लांब जबड्याची, उड्या मारणारी हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर आहे, तिच्या घरी राणी असते. पण ती मेली की कामकरी मुंग्यांमध्ये मिशांनी द्वंद्वयुद्धं सुरू होतात. जिंकणाऱ्या काही जणी अंडी घालायला लागतात. त्यांचं आयुष्य वाढतं आणि मेंदू मात्र जवळजवळ पाव हिश्शानं आक्रसतो. अशा अंडी घालणाऱ्या कामकऱ्यांची पाठ फुगीर नाही, पंखांचे वण नाहीत. आपली वरची सगळी खूणगाठ इथे कुचकामी!

असो. डबीतल्या राणीला फार वेळ ताटकळत ठेवू नका. तिच्याकडे अंगातल्या शिदोरीखेरीज दुसरं काही नाही आणि प्रत्येक धक्क्यानं ती शिदोरी कमी होते. तीन फोटो, छातीचं माप, तारीख, वेळ, गाव, पाऊस कधी पडला होता, ती दिव्याखाली मिळाली की झाडाखाली, एवढं वहीत लिहून काढा आणि जिथे सापडली तिथेच, ओल्या मातीजवळ सोडून द्या. मामाच्या गावाला सापडलेली राणी डबीतून आपल्या शहरात आणायची नाही. लाल मुंगीचा प्रवास आठवतोय ना?

आणि वहीत नावाच्या जागी काय लिहायचं? जेवढं खात्रीनं कळलं तेवढंच. ‘कॅम्पोनोटस, जात कळली नाही’ असं लिहिलंत तरी ती नोंद अगदी पक्की. मोठमोठे अभ्यासकही संग्रहातल्या चिठ्ठ्यांवर असंच लिहितात. मराठी मुलखात कुठली राणी कुठल्या आठवड्यात उडते, अशा नोंदी जितक्या जमतील तितक्या हव्याच आहेत. तेव्हा या पावसाळ्यात तुमच्या पायरीवर राणी आली, तर तारीख आणि तीन फोटो आम्हाला जरूर पाठवा. बाजूचा फोटो मात्र विसरू नका, कंबर दिसली पाहिजे!